वजनाच्या ऑपरेशनसाठी पहिल्यांदा डॉक्टरांकडे जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे. वजन कमी करण्याचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनच्या ओपीडीत माझं टेबल केबिनच्या अलीकडे आहे, त्यामुळे पेशंट आधी माझ्याकडे येतात. अर्धा तास बोलतात, आणि खरी गोष्ट सांगतात ती निघताना, दाराची मूठ हातात धरून: "मॅडम, एक सांगायचं राहिलंच…" ते राहिलेलं पहिल्याच भेटीत टेबलावर यावं, एवढ्यासाठी हे प्रश्न लिहून काढलेत.

पहिल्या भेटीला गेलं म्हणजे ऑपरेशन ठरलंच का?

नाही. पहिल्या भेटीत फक्त बोलणं, वजन-उंची, जुने रिपोर्ट बघणं आणि पुढच्या तपासण्या लिहून देणं एवढंच होतं. त्यानंतर फिजिशियन, भूलतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि बहुतेक ठिकाणी समुपदेशक अशा फेऱ्या होतात. काही जण भेटून जातात आणि दोन वर्षांनी परत येतात. काही येतच नाहीत, त्यातही काही गैर नाही. "आजच ॲडव्हान्स भरलात तर सवलत" असं कुणी म्हणालं, तर मात्र पर्स उघडू नका. हे ऑपरेशन ठरवून, वेळ घेऊन करायचं असतं. दिवाळी सेलसारखी त्याची मुदत संपत नाही.

माझं वजन 'ऑपरेशनइतकं' आहे का?

नुसत्या किलोवरून हे ठरत नाही. वजनाला (किलोमध्ये) उंचीच्या (मीटरमध्ये) वर्गाने भागायचं. जो आकडा येतो तो बीएमआय. उदाहरणार्थ, उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ९६ किलो असेल, तर १.५८ गुणिले १.५८ म्हणजे जवळजवळ २.५, आणि ९६ भागिले २.५ म्हणजे साधारण ३८.५.

भारतीयांच्या शरीरात कमी वजनालाही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो, म्हणून आपल्याकडचे निकष पाश्चात्त्य जुन्या निकषांपेक्षा खाली आहेत. ढोबळमानाने बीएमआय ३५ च्या पुढे असेल तर इतर आजार नसले तरी ऑपरेशनचा विचार होतो. ३० च्या पुढे असेल आणि सोबत मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं असे आजार असतील तरीही होतो. कंबरही मोजतात. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेली की ती धोक्याची खूण धरतात.

घरच्या काट्यावर विसंबू नका. बरेचसे काटे दीडशे किलोच्या आसपास थांबतात आणि पुढे नुसतं 'एरर' दाखवतात. आमच्याकडे आलेले एक गृहस्थ कित्येक महिने वजन करायला धान्याच्या वखारीत जात होते. पोत्यांच्या काट्यावर, दुपारी, गिऱ्हाईक नसताना. हे त्यांनी हसत हसत सांगितलं, पण सांगून झाल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. ओपीडीतला काटा मोठा असतो आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवला जात नाही. कुठे वाचून दाखवत असतील, तर नको म्हणून सांगा. तो हक्क तुमचा आहे.

यात पोटावरची चरबी काढतात ना?

नाही. चरबी ओढून काढणं हे प्लास्टिक सर्जनचं वेगळं काम आहे आणि ते वजन कमी करण्यासाठी करत नाहीत. इथे जठरावर, आणि काही प्रकारांत आतड्यावर, दुर्बिणीतून ऑपरेशन होतं. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. 'बायपास'मध्ये जठराचा लहानसा कप्पा करून तो आतड्याला पुढे जोडतात, म्हणजे अन्न मधला काही रस्ता टाळून जातं. भूक लागल्याचा निरोप देणारी संप्रेरकंही बदलतात. म्हणून हे ऑपरेशन नुसतं 'पोट लहान करणं' नाही. यातला कुठला प्रकार तुमच्यासाठी हे पहिल्या भेटीतच ठरेल असं नाही, आणि मैत्रिणीचं स्लीव्ह झालं म्हणून तुमचंही स्लीव्हच होईल असंही नाही.

सोबत काय काय न्यायचं?

जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले. मोबाइलमधले फोटो चालतात, पण व्हॉट्सॲपवर मामेभावाने पाठवलेला, आडवा, अर्धा कापलेला फोटो वाचता येत नाही. चालू गोळ्यांच्या पट्ट्या. आधीच्या ऑपरेशनांचे डिस्चार्ज कार्ड. सिझेरियन, अपेंडिक्स, हर्निया, पित्ताशय, सगळं. हर्नियाला जाळी बसवली असेल तर ते मुद्दाम सांगा. विम्याची मूळ पॉलिसी, नुसतं कार्ड नव्हे. आणि एक माणूस, ज्याला तुमच्या घरातलं जेवण आणि तुमची झोप दोन्ही माहीत आहे.

वजनाचा इतिहास म्हणजे नेमकं काय सांगायचं?

एका कागदावर आयुष्य मांडा. दहावीत किती, लग्नात किती, पहिल्या बाळंतपणानंतर किती, सर्वांत जास्त कधी आणि किती. वजन वाढलं त्या वर्षी काय घडलं, तेही लिहा. रात्रपाळी लागली, गुडघ्याला मार बसला, स्टेरॉइड सुरू झालं, घरात कुणी गेलं. समोर आकडे आणि शेजारी घटना असा कागद असला की डॉक्टरांना पाच मिनिटांत चित्र कळतं.

दुसरा स्तंभ प्रयत्नांचा. कुठला आहार, किती महिने, किती उतरलं, किती परत आलं. इथे बहुतेकांची मान खाली जाते. "सगळं करून बघितलं, मीच टिकले नाही." अहो, उतरलेलं वजन परत चढवायला शरीर स्वतःच जोर लावतं. भूक वाढवतं, ऊर्जा वाचवतं. तुमचा कागद हा गुन्ह्याचा कबुलीजबाब नाही. उलट, विम्याच्या वेळी हाच कागद उपयोगी पडतो. ते पुढे सांगते.

खाण्याची डायरी लिहायची म्हणतात. ती कशी?

तीन दिवस, त्यांत एक रविवार. जेवणं सगळे लिहितात, मधलं कुणी लिहीत नाही. एका काकूंच्या वहीत लिहिलं होतं: 'चहा – ६.' बस्स. विचारलं, साखर किती? दोन-दोन चमचे. सोबत? "सोबत काही नाही, खारी फक्त." फक्त खारी! म्हणजे दिवसाकाठी बारा चमचे साखर आणि मैदा-डालडाचे सहा तुकडे, आणि वहीत मात्र नुसता चहाचा आकडा. काकू खोटं बोलत नव्हत्या. आपल्याकडे चहाबरोबरच्या खारीला खाणं म्हणतच नाहीत.

त्याच यादीत बसणाऱ्या इतर गोष्टी: मुलांच्या ताटात उरलेलं, फोडणी देता देता तोंडात टाकलेले शेंगदाणे, ऑफिसात वाढदिवसाचा केक, रात्री साडेअकराला फ्रिजसमोर उभं राहून खाल्लेलं. शेवटचं तर नक्की लिहा. रात्री उठून खाणं किंवा एका बैठकीत थांबताच न येणं हा वेगळा त्रास असतो, त्यावर ऑपरेशनआधी उपचार करावा लागतो.

मी एक प्रश्न हमखास विचारते: घरात माणसं किती आणि महिन्याला तेल किती लागतं? डबा कधी संपतो हे बायकांना तोंडपाठ असतं, पुरुष छताकडे बघतात. तेवढं घरून विचारून या.

चालू गोळ्यांत काय काय सांगायचं?

सगळं. "एक पांढरी, एक छोटी गुलाबी" यावरून काहीच कळत नाही, म्हणून पट्ट्या आणा. रक्त पातळ करणारी गोळी, इन्सुलिन, स्टेरॉइड, थायरॉइड, गर्भनिरोधक, मानसिक आजाराची औषधं, यांतलं काहीही लपवण्यासारखं नाही. आयुर्वेदिक काढा, जिममधली पावडर, टीव्हीवर बघून मागवलेल्या 'वजन घटवा' गोळ्या हीसुद्धा औषधंच.

आणि गुडघेदुखीची गोळी. ही कुणाच्याच यादीत नसते, कारण ती 'लागली तर' घेतात. मग कळतं की रोज लागते, मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो. बायपासनंतर अशा वेदनाशामक गोळ्यांनी जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो, रक्तस्राव होऊ शकतो. ऑपरेशनचा प्रकार निवडतानाच ही गोष्ट माहीत हवी.

तंबाखू, मिश्री, दारूबद्दल विचारतात का? खरं सांगावं का?

विचारतात, आणि खरंच सांगा. प्रश्न तुमच्या चारित्र्याचा नाही, टाके जुळण्याचा आहे. निकोटिनने जखम उशिरा भरते, फुफ्फुसाचे त्रास आणि अल्सर वाढतात. ऑपरेशनआधी निदान सहा आठवडे पूर्ण बंद करायला सांगतात, आणि नंतर सुरू करायचंच नाही.

मिश्रीचं वेगळं सांगते. "तंबाखू खाता का?" म्हटलं की गावाकडच्या आज्या "छे छे!" म्हणतात. "दात कशाने घासता?" म्हटलं की पदराआडून डबी निघते. भाजलेली असली तरी ती तंबाखूच. दारूचं म्हणाल, तर बायपासनंतर ती लवकर आणि जास्त चढते. आधीचं 'दोन पेग'चं गणित नंतर लागू होत नाही. रोज घेत असाल तर ते आधी कळायला हवं, एकदम बंद केल्यावर होणारा त्रासही सांभाळावा लागतो.

मी घोरतो, एवढंच. त्याचा काय संबंध?

मोठा संबंध आहे. जोरात घोरणं, मध्येच श्वास थांबणं, दचकून उठणं, सकाळी डोकं जड, दुपारी गाडी चालवताना डुलकी, ही झोपेत श्वास अडकण्याची लक्षणं आहेत. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी कळलं पाहिजे. झोपलेल्याला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही, म्हणून बायको किंवा नवरा सोबत हवा. मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करून आणलंत तरी चालेल. श्वासाचं यंत्र वापरत असाल तर त्याचे आकडे घेऊन या.

सगळ्या तपासण्या आधीच करून नेऊ का?

नको, पैसे वाया जातील. मागच्या तीन-चार महिन्यांतले रिपोर्ट असतील ते आणा. नंतर साधारण या लिहून देतात: रक्तातली साखर आणि तीन महिन्यांची सरासरी, थायरॉइड, यकृत-मूत्रपिंड, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, पोटाची सोनोग्राफी, ईसीजी, टूडी एको, अनेक ठिकाणी एन्डोस्कोपी, गरज पडली तर झोपेची तपासणी. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' बहुतेकांना निघतं, दचकू नका. ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार देतात तो त्याचसाठी. यकृत आकसलं की सर्जनला जठरापर्यंत पोचणं सोपं जातं.

विमा मिळतो का?

मिळू शकतो, पण इथेच सर्वांत जास्त लोक ठेचकाळतात. डॉक्टरांचे निकष आणि विम्याचे निकष वेगळे आहेत. विमा नियामक आयआरडीएआयच्या प्रमाणित अटींनुसार वय १८ किंवा जास्त हवं आणि ऑपरेशन डॉक्टरांच्या सल्ल्याने हवं. बीएमआय ४० किंवा अधिक हवा. नाहीतर ३५ किंवा अधिक आणि सोबत पुढच्यांपैकी एखादा गंभीर आजार: लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्वरूपाचा झोपेतला श्वासरोध, किंवा औषधं घेऊनही आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह. यात आधीचे साधे उपाय फसलेले असणंही धरलं आहे.

आता वरचं ३८.५ चं उदाहरण घ्या. डॉक्टर म्हणतील, करता येईल. विमा कंपनी विचारेल, यांतला आजार कुठला आणि पुरावा काय? गुडघे दुखतात, पीसीओएस आहे, रक्तदाब आहे. शरीराच्या दृष्टीने हे खरेच त्रास, पण त्या यादीत ते नाहीत. म्हणून मधुमेहाचे जुने रिपोर्ट जपा. दर तीन महिन्यांचा सरासरी साखरेचा आकडा आणि त्या वेळी चालू असलेली औषधं, दोन्ही कागदावर दिसलं पाहिजे. आहारतज्ज्ञाच्या तारीख घातलेल्या चिठ्ठ्या, व्यायामशाळेच्या पावत्या फेकू नका. "साधे उपाय फसले" याला तोंडी शपथ चालत नाही.

पॉलिसीत या उपचारासाठी प्रतीक्षाकाळ असू शकतो, तो तपासा. कंपनीकडून मिळालेला गटविमा असेल तर एचआरला लेखी विचारा. गटविम्याच्या अटी वेगळ्या असतात आणि कधीकधी रकमेला मर्यादा असते. हे सगळं पहिल्या भेटीआधी जमलं तर उत्तम, नाहीतर निदान पॉलिसी सोबत आणा, विमा टेबलवरची मंडळी वाचून सांगतात.

खर्च किती?

शहर, रुग्णालय आणि खोलीप्रमाणे बदलतो, पण खासगीत काही लाखांत जातो. आकडा विचारण्यापेक्षा आकड्यात काय धरलंय ते विचारा. बिलातला मोठा वाटा जठर कापून शिवणाऱ्या स्टेपलरचा आणि त्याच्या काडतुसांचा असतो. ती पॅकेजमध्ये धरली आहेत का? तपासण्या, आयसीयू लागला तर, पुन्हा दाखल व्हावं लागलं तर, नंतरच्या वर्षभराच्या भेटी? आणि जन्मभर घ्यायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, त्या कुठल्याच पॅकेजमध्ये नसतात. महिन्याच्या किराण्यात त्यांची ओळ घालून ठेवा. खासगी झेपत नसेल तर जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्जरी विभागात चौकशी करा.

हल्ली इंजेक्शनं आली आहेत, मग ऑपरेशन कशाला?

हा प्रश्न २०२५ पासून रोज येतो. त्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी भारतात आलं. इंजेक्शनांनी वजन खरोखर उतरतं, आणि काहींसाठी तोच योग्य रस्ता आहे. पण थांबवल्यावर बऱ्याच जणांचं वजन परत वाढतं आणि खर्च दरमहा चालू राहतो. बीएमआय खूप जास्त असेल तर ऑपरेशनचा परिणाम सहसा मोठा असतो. सर्जनलाच सरळ विचारा, "माझ्या जागी इंजेक्शन का नको?" नीट उत्तर देणारा सर्जन चांगला. इंजेक्शन आधीच चालू असेल तर शेवटचं कधी घेतलं ते सांगा. पोट रिकामं व्हायला त्यामुळे वेळ लागतो आणि भूल देताना ते महत्त्वाचं असतं.

डॉक्टरांना मी काय विचारू?

लिहून न्या, केबिनमध्ये गेल्यावर आठवत नाही. माझ्या मते हे विचारावंच: माझ्यासाठी कुठला प्रकार आणि का? तुम्ही अशी किती ऑपरेशनं केलीत, टाक्यातून गळती किती जणांना झाली? मला ॲसिडिटी आहे, स्लीव्हने ती वाढेल का? (वाढू शकते.) घरात कुणाला जठराचा कर्करोग होता, त्याने निवड बदलते का? (बदलू शकते, कारण बायपासनंतर मागे उरलेल्या जठरात साधी दुर्बीण पोचत नाही.) आणि माझा आवडता प्रश्न: ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी रात्री दोनला पोटात दुखलं, तर फोन कोण उचलेल?

धोक्याचं स्पष्ट ऐकून घ्या. अनुभवी हातांत जीवाचा धोका साधारण हजारात एक, म्हणजे पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आसपास. पण गळती, रक्तस्राव, पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाणं हे होऊ शकतं. पुढे पित्ताचे खडे, काही महिने केस गळणं, सैल पडलेली कातडी हेही आहेच. "काही होत नाही हो" असं म्हणून कुणी विषय बदलला, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

किती किलो कमी होईल?

जाहिरातीतला '७० टक्के' हा जास्तीच्या वजनाचा असतो, एकूण वजनाचा नव्हे. १५८ सेंटिमीटर उंचीला बीएमआय २५ धरला तर वजन सुमारे ६२ येतं. ९६ मधून ६२ गेले, जास्तीचे ३४. त्याचे ६० ते ७० टक्के म्हणजे २० ते २४ किलो, तेही वर्ष-दीड वर्षात. म्हणजे ७२ ते ७६ च्या आसपास. लग्नातली साडी पुन्हा बसेल की नाही सांगता येत नाही, पण जिना चढता येईल आणि साखरेच्या गोळ्या बऱ्याचदा कमी होतात. पुढच्या काही वर्षांत थोडं वजन परत येणंही अपेक्षित असतं.

मी शुद्ध शाकाहारी आहे आणि उपवास करते. जमेल का?

जमेल, पण आधी सांगा. नंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला लागतात आणि जागा असते मूठभर. दही, पनीर, ताक, मूग, मटकीची मऊ उसळ, सोया, आणि सुरुवातीला पावडर, अशी जुळवाजुळव करता येते. बी-१२ आपल्याकडच्या शाकाहाऱ्यांत आधीच कमी असतं, ते भरून काढावं लागतं. साबुदाण्याच्या खिचडीत स्टार्च आणि तेल भरपूर, प्रथिनं काय ती कुटातली. देवाला दुसरा काही पर्याय चालेल का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी फक्त पनीर सुचवते.

मुलीच्या लग्नासाठी वजन कमी करायचंय, चालेल?

असा प्रश्न आई विचारते आणि मुलगी मोबाइलमध्ये बघत असते. मी आईला बाहेर चहा घ्यायला पाठवते. मुलीला स्वतःला, स्वतःच्या तब्येतीसाठी हवं असेल तर पुढे बोलू. 'स्थळं नाकारतात' हे ऑपरेशनचं कारण नाही, आणि लग्नाची तारीख ही ऑपरेशनची तारीख ठरवायचा आधार तर मुळीच नाही. मूल हवं असेल तर तेही सांगा. ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. आणि वजन उतरल्यावर पाळी सुधारून दिवस अनपेक्षितपणे राहू शकतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्या नीट शोषल्या जातीलच असं नाही, म्हणून दुसरा उपाय स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून ठेवा.

घरच्यांना सांगितलं नाही तर चालेल का?

सगळ्या गावाला सांगू नका, पण एकाला तरी सांगा. रुग्णालयात दोन-तीन दिवस, मग काही आठवडे आधी पातळ आणि नंतर मऊ जेवण. एकत्र कुटुंबात हे लपत नाही. "एवढंसंच जेवलीस? माझ्या हातचं आवडलं नाही?" हे सासूबाई प्रेमानेच म्हणतात, पण त्या एका घासाने उलटी होते. ज्या सूनबाई पहिल्या भेटीलाच सासूबाईंना घेऊन आल्या, त्यांचं पुढचं वर्ष सोपं गेलेलं मी पाहिलंय.

उपाशीपोटी यायचं का? कपडे कसे?

उपाशी येऊ नका, थांबावं लागतं. मधुमेहाची गोळी-इन्सुलिन नेहमीप्रमाणे. कपडे सैल, बाही वर जाणारी, म्हणजे रक्तदाबाचा पट्टा नीट बसतो. मोठा पट्टा मागा, लहान पट्टा आकडा वाढवून दाखवतो. बसायला हात नसलेली खुर्ची हवी असेल तर रिसेप्शनवर सांगा, असते. आणि बंदांचे बूट घालू नका. काट्यावर चढताना काढावे लागतात, मग पुन्हा वाकून बांधावे लागतात. सरळ सरकवता येणाऱ्या चपला घाला.